कोंडाबाईचा नंबर

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, मला तिथे अजून जायचं असतं) उन्हाळ्यात पाणवठ्यावर फार गर्दी व्हायची. म्हणून सिंहमहाराजांनी ॲप काढलं. मोबाइलवर नंबर घ्या, मगच पाणी प्या. वाटेवर रानडुक्कर बसवलं. "नंबराशिवाय कोणालाही सोडायचं नाही. मी आलो तरी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजा बोलला की टाळ्या वाजवायच्या असतात, बाळांनो. आत्ताच शिकून ठेवा.

कोंडाबाई अस्वलीण आंधळी होती. तिचा मोबाइल तिला सगळं वाचून दाखवायचा. पण ह्या ॲपवर तो नुसता म्हणायचा, "चित्र. चित्र. चित्र. बटण."

चित्रांतला माणूस ओळखायचा होता. ओळखला की तुम्ही प्राणी, हे सिद्ध. बिचारीच्या घशाला कोरड पडली.

ती ॲपवाल्या कोल्ह्याकडे गेली. "कोल्होबा, चित्रात काय आहे ते दोन शब्दांत लिहा ना. मोबाइल वाचून दाखवेल."

"अहो कोंडाबाई, एकटीसाठी कुठे एवढा उपद्व्याप! त्यापेक्षा रंग बघा, काय झकास आहेत!"

"बघते हं," कोंडाबाई म्हणाली. तिला फार वाईट वाटलं. रागही आला.

मग ती राजाकडे गेली. गाऱ्हाणं घेऊन? छे!

"महाराज, त्या चिंचेवर मधाचं पोळं आहे. वासावरून सांगते, गच्च भरलंय. शूरानेच काढावं असं आहे."

महाराज शूर होतेच. मधमाश्या जरा जास्त शूर निघाल्या. महाराजांचे डोळे सुजून बटाटेवड्याएवढे झाले. आग आग करत ते पाणवठ्यावर धावले.

"नंबर?" रानडुकराने विचारलं.

"अरे गाढवा, मी राजा आहे!"

"मी रानडुक्कर आहे, महाराज. आणि हुकूम तुमचाच आहे."

कोंडाबाई तिथेच बसली होती. तिने आपला बोलका मोबाइल पुढे केला. "चित्र. चित्र. चित्र. बटण." महाराजांनी अंदाजाने पंजा मारला.

मोबाइल म्हणाला, "तुम्ही माणूस आहात. चालते व्हा."

एवढा अपमान! महाराजांनी अशी डरकाळी फोडली, की कोल्हा धावत आला आणि तिथेच बसून कामाला लागला. दिवस मावळायच्या आत मोबाइल घडाघडा बोलू लागला. "पहिलं चित्र, आंब्याचं झाड. दुसरं चित्र, माणूस, हातात बंदूक."

पहिला नंबर कोंडाबाईचा लागला. ती पोट तुडुंब होईपर्यंत पाणी प्यायली. मग महाराज प्यायले.

पुढे 'अंधांचा कैवारी' म्हणून शाल-श्रीफळ मिळालं ते कोल्ह्याला. कोंडाबाईनेही खुशाल टाळ्या वाजवल्या.

शेजारी बहिरा ससा बसला होता. त्याने तिच्या पंजाला हात लावला. "कोंडाबाई, ॲप नंबर पुकारतं, ते मला ऐकू येत नाही हो."

कोंडाबाईने त्याची पाठ थोपटली आणि हवेत नाक फिरवलं. आता महाराजांच्या कानांचं काहीतरी बघायला हवं होतं.

तात्पर्य : आपली अडचण राजाला सांगत बसू नये. ती त्याला प्रेमाने भेट द्यावी.