झटपट सरांचा प्रश्न

"आज विचारतो म्हणजे विचारतोच," झटपट सर सकाळी आरशातल्या स्वतःला ठणकावून म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले, "पण काय उपयोग? त्या नाहीच म्हणणार."

सरांची सगळी गोम या दुसऱ्या वाक्यात होती. प्रश्न विचारायचा आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तरही आपणच द्यायचं, ही त्यांची जुनी खोड. हायस्कुलात ते विज्ञान शिकवत. "पाणी कधी उकळतं? शंभर अंशाला. लोखंड का गंजतं? हवेमुळे आणि पाण्यामुळे." एखाद्या पोरानं हात वर केला की सर फळ्याकडे पाठ न फिरवताच म्हणत, "हात खाली," आणि उत्तर सांगून मोकळे होत. त्यांचा अभ्यासक्रम सगळ्यांच्या आधी संपायचा. पोरं खूश, मुख्याध्यापक खूश. पोरांनीच त्यांचं नाव झटपट सर ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं.

घरीही तीच तऱ्हा. थोरली बहीण आणि ते, दोघंच घरात. "ताई, अजून चहा घेतेस? नको ना," असं म्हणून ते भांडं विसळायला टाकत. ताईला दुसरा कप हवा असायचा. वर्षानुवर्षं हवा असायचा. पण बिचारीनं नाद सोडला होता.

आणि अशा माणसाचा जीव जडला होता तो भाषेच्या बाईंवर.

बाई म्हणजे सरांच्या बरोब्बर उलटं टोक. त्या प्रश्न विचारत आणि थांबत. घाईचं नाव नाही. वर्गातलं सगळ्यात बुजरं पोर उभं राहून नखं खात असलं तरी बाई खिडकीला टेकून शांतपणे थांबत. दोघांच्या वर्गांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती, तीही अर्धवट. बाईंचा वर्ग गप्प झाला की इकडे सरांचा खडू हवेतच थांबायचा. सर कान देऊन ऐकायचे. मग पलीकडून एखादं चिरकं उत्तर यायचं आणि पाठोपाठ बाईंचा आवाज यायचा, "बरोबर."

तो "बरोबर" ऐकण्यासाठी सरांनी कितीतरी वर्षं त्या फळ्यांच्या भिंतीजवळ काढली. रोज कुणाला ना कुणाला मिळायचा. पुढच्या बाकाला मिळायचा, मागच्या बाकाला मिळायचा. एकदा आपल्यालाही मिळावा, एवढंच त्यांना वाटायचं, आणि चाळिशी उलटली तरी ते वाटणं काही कमी झालं नव्हतं.

आता बाई निघाल्या होत्या. त्यांना दूरच्या मोठ्या शाळेत नोकरी लागली होती. आज शेवटचा दिवस, संध्याकाळची बस.

"तुझा घोळ मला माहीत आहे," शिक्षकांच्या खोलीत इतिहासाचे सर म्हणाले. सरांनी मनातलं सांगितलेलं हे एकटेच गृहस्थ. त्यांची खोड अशी की कुठलीही गोष्ट ते मुळापासून सुरू करत. "लग्नसंस्थेचा उगम पाहिला तर..."

"मोकळा तास संपेल. उपाय सांगा."

"उपाय सोपा आहे. प्रश्न विचार आणि तोंडात काहीतरी कोंब. म्हणजे उत्तर देता येणार नाही." असं म्हणून त्यांनी खिशातून खोकल्याची एक गोळी काढून दिली. गोळी कसली, चांगली लिंबाएवढी होती. इतिहासाचे सर सगळ्या गोष्टी जुन्या काळाच्या मापानं घेत.

मधल्या सुट्टीत सरांनी बाईंना प्रयोगशाळेत बोलावलं. त्यांच्या वर्गातलं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त झालंय, हे निमित्त. घड्याळ दुरुस्त होऊन महिना झाला होता, पण ते परत दिलं की बाईंचं चौकशीला येणं संपेल म्हणून सरांनी ते दडवून ठेवलं होतं. बाई आल्या. घड्याळ हातात घेतलं. "आता कुणाच्या उपयोगी?" असं म्हणून हसल्या. ते हसणं पाहून सरांचं अवसान गळालं, आणि प्रश्न आधी की गोळी आधी, याची गल्लत झाली. त्यांनी गोळी आधी कोंबली.

"बाऽ, ए हिचाहाहं होहं," सर म्हणाले.

"सावकाश, सर," बाई म्हणाल्या. "मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. परीक्षानळ्यांच्या कपाटाला टेकून, घड्याळ पोटाशी धरून, जशा वर्गात थांबत तशा. आपल्यासाठी कुणी इतकं थांबलेलं सरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. गोळी फोडावी तर दातांची खैर नाही, गिळावी तर जीवाची नाही. डोळ्यांत पाणी आलं. ते थोडं गोळीचं होतं, बरंचसं गोळीचं नव्हतं.

तेवढ्यात दारात मुख्याध्यापक उभे राहिले. हे गृहस्थ घरातही घोषणा केल्यासारखं बोलत. "सर्वांनी लक्ष द्यावे. आपल्या विज्ञानाच्या सरांची दाढ सुजलेली आहे."

"हाही हाही," सर मान हलवत म्हणाले.

"फारच सुजलेली आहे," मुख्याध्यापकांनी दुरुस्ती केली.

खेळाचे सर शिट्टी फुंकत धावत आले. प्रथमोपचाराची पेटी त्यांच्याकडे असायची आणि ती वापरायची संधी मिळत नाही, ही त्यांची कायमची खंत. ती आज भरून निघाली. त्यांनी सरांना स्टुलावर बसवलं, हनुवटीखालून पट्टी घेतली, टाळूवर नेली, पुन्हा खाली आणली, आणि डोक्यावर अशी झोकदार गाठ मारली की सर पांढऱ्या सशासारखे दिसू लागले. बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि त्या घड्याळ घेऊन वर्गावर गेल्या.

गोळी विरघळली तेव्हा सरांच्या शेजारी फक्त हवेचा दाब शिकवायचा काचेचा नळा होता.

संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम. "असह्य वेदना सोसून," मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, "आपले सर दोन शब्द बोलतील."

सरांनी पट्टी सोडली. समोर सगळे शिक्षक, पोरं, आणि पहिल्या खुर्चीत बाई. आता सगळ्यांदेखत तरी मनातलं थोडं सांगू, असं त्यांनी ठरवलं. सुरुवातही बरी केली. "बाई चालल्या. आम्हाला त्यांची आठवण येईल का? रोज येईल." टाळ्या पडल्या. टाळ्यांनी सर वाहवले. गाडी उताराला लागली. "पण बाईंना आपली येईल का? कशाला येईल? तिकडं मोठी शाळा, नवी माणसं. इथं त्यांचं होतं काय? काहीच नव्हतं. त्या परत येतील का? मुळीच नाही येणार."

इतिहासाच्या सरांनी कपाळावर हात मारला. बाई खाली मान घालून पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. सर जागेवर बसले तेव्हा त्यांना कळलं, की आपण बाईंना निरोप दिला नव्हता, हाकलून दिलं होतं.

बस थांब्यावर खेळाच्या सरांनी ट्रंक टपावर चढवली. झटपट सरांच्या हातात बाईंची पिशवी होती आणि ती त्यांना सोडता सोडवत नव्हती.

"सर," बाई म्हणाल्या, "दुपारी काय विचारायचं होतं?"

"काही नाही. तुम्हाला उशीर होत असेल. होतच असेल."

"तुम्ही नेहमी असंच करता." बाईंचा आवाज वर्गातल्यासारखाच शांत होता. "पहिल्या वर्षीच्या सहलीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तुम्ही विचारलंत, 'इथं कुणी बसलंय का? असेलच कुणीतरी.' आणि मागं जाऊन उभे राहिलात. सगळा प्रवास उभ्यानं केलात. कुणी बसलं नव्हतं सर. मी ती जागा धरून ठेवली होती."

सरांनी पिशवीचे बंद आणखी घट्ट धरले.

"नंतर एकदा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांपुढे म्हणालात, 'माझ्याशी कोण लग्न करणार? कुणीच नाही.' सगळे हसले. मी नव्हते हसले. तुमचं उत्तर चुकलं होतं. पण तुम्ही तपासायलाच दिलं नाहीत."

बाई बसमध्ये चढल्या आणि खिडकीशी बसल्या. बसनं दोनदा हॉर्न दिला. सर पिशवी घेऊन खिडकीखाली गेले. पिशवी आत दिली.

"बाई, माझ्याशी लग्न कराल का?"

आणि त्यांनी ओठ मिटले. घट्ट मिटले. जिभेवर "नाही" येऊन बसलं होतं, ते दातांनी अडवलं. जन्मात पहिल्यांदा झटपट सर प्रश्न विचारून थांबले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू होतं. बस हलली. आणि बाईंनी, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसारखा, एक बोट उंच करून हात वर केला.

उत्तर येत होतं. सरांनी पाहिलं, त्यांना ते कळलं, आणि त्याच क्षणी वीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बोलली.

"हात खाली."

बाईंचा हात गपकन खाली आला. हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंडावर पदर धरला. निदान सरांना तरी ते हसूच वाटलं. बस वळणावरून गेली.

"काय म्हणाल्या?" खेळाच्या सरांनी विचारलं.

"हात वर केला होता."

"मग?"

"मी खाली करायला लावला."

खेळाच्या सरांनी शिट्टी तोंडात घातली, पण फुंकली नाही. अशा चुकीसाठी त्यांच्याकडे शिट्टी नव्हती.

सकाळचं आरशासमोरचं बोलणं ताईनं ऐकलं होतं. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "विचारलंस?"

"हो."

"काय म्हणाली?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. "ते त्यांच्याकडे आहे," ते म्हणाले. "सकाळच्या बसनं जाऊन ऐकून येतो. त्या सांगतील का? नाही सांग..." जीभ चावून ते गप्प झाले. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, दूध ओतलं. मग वळून म्हणाले, "ताई, आज दुसरा कप घेशील का?"

आणि ते थांबले. ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत उत्तर द्यायची वेळच आली नव्हती; त्यामुळे हो म्हणावं, साखर जास्त सांगावी की आधी रडून घ्यावं, हे तिचं ठरेना. सर ओठ घट्ट मिटून उभे होते. मागं चहा वर येत होता, ते त्यांना दिसत होतं, पण आता काही झालं तरी मधे बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

ताई "हो" म्हणाली तेव्हा सगळा चहा उतू गेला होता.