दिगंबरभाऊंची भट्टी

दिगंबरभाऊ जेवायला येणार म्हटलं की आमच्या अमडापुरातल्या बायका काशाच्या वाट्या लपवून ठेवत. हा गृहस्थ वरण वाढू देण्याआधी वाटीला नखानं टिचकी मारणार, ती कानाशी धरणार आणि म्हणणार, "वयनी, काय आवाज हाय! फुटली का मलेच देजा बरं."

धंदा वांगी-मिरचीच्या मळ्याचा, पण वेड घंटेचं. पोळ्याच्या आत स्वतः घंटा ओतायची, आणि ती शिवेवर वाजली तरी घरात ऐकू आली पाहिजे! बाजारातली कुठलीही घंटा दाखवा, "हे घंटा हाय का बे? खुळखुळा हाय!"

मळ्यात खड्डा खणून, माती-भुसा लिंपून त्यांनी भट्टी केली. वाऱ्यासाठी सायकलच्या चाकावर पंखा जोडला. चाक फिरवायला शेजारी म्हणून मी होतोच. भट्टी लालबुंद झाली आणि भाऊंनी, शुभ काम म्हणून, तिच्या काठावरच नारळ फोडला. तापल्या मातीवर पाणी पडलं, धाडकन आवाज झाला, भट्टी दुभंगली आणि मी वांग्यांत पालथा! भाऊ शांतपणे खोबरं वेचत होते.

"नारळ गोड निंघाला," ते म्हणाले.

दुसऱ्या भट्टीचा नारळ त्यांनी लांब विहिरीवर फोडला. दुपारपर्यंत मी चाक फिरवलं. मग त्यांनी भट्टीतल्या, धातू वितळवायच्या मुशीवरचं झाकण काढलं. सगळ्या गावाची फुटकी ताटं-वाट्या तिच्यात एक होऊन सूर्यासारखी झळाळत होती. माझी थट्टा जागच्या जागी विरली. हात आपोआप जोडले गेले.

तो रस मातीच्या साच्यात ओतला आणि सकाळी साचा फोडला. घंटा अखंड निघाली, पण केवढी जड!

"भाऊ, बैलाले पेलन का हे?"

"बैलाले कोन बांधते?" भाऊंनी मान खाली घातली. "तापात तुह्या वयनीचे कान गेले. मी घरात आलेलं समजत नाही, दचकते बिचारी. दारात बांधतो."

सुमनवहिनी चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. भाऊंनी घंटा दारात टांगली आणि टोला दिला. गल्लीतली कुत्री उठली, शेजारचं पोर रडायला लागलं. वहिनी भाकर थापत राहिल्या. भाऊंचा चेहरा मला बघवेना.

मग ते आत गेले, वहिनींना दारात आणलं, त्यांचा पिठाचा हात घंटेवर ठेवला आणि हलकेच टोला दिला. वहिनी दचकल्या नाहीत. डोळे मोठे करून म्हणाल्या, "अहो, जिती हाय हे!"

भाऊ टोले देत राहिले, वहिनी हात काढेनात. तव्यावरची भाकर करपायला लागली, ती शेवटी मीच उतरवली.