मिस्त्रींचा पक्का पाक

गॅस बंद करायचा नाही, असं मिस्त्रींनी ठरवलं. निर्णय एवढाच. पुढचं सगळं त्याच्या पोटातून निघालं.

सूनबाईने सांगितलेलं काम कुणालाही जमेल असं होतं. पातेल्यात जेवढी तपकिरी साखर तेवढंच पाणी. साखर विरघळली की गॅस बंद. निवलं की बाटलीत भरायचं. कोल्ड कॉफीत नुसती साखर टाकली तर ती तळाशी जाऊन बसते, म्हणून हे सिरप. मिस्त्री त्याला पाक म्हणत. सिरप म्हटलं की त्यांना खोकला आठवे.

"बाबा, मी बर्फ घेऊन येते. साखर विरघळली की लगेच बंद करा. उकळत ठेवू नका."

"ऐकलं."

"नक्की ना?"

"कान शाबूत आहेत."

(कान शाबूत होतेच. ऐकलेलं कानाच्या पुढे जात नसे, एवढंच.)

सूनबाई गेली. जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. तिच्या जिवाला घोर होता. कपड्यांच्या दुकानातली दिवसभर उभं राहायची नोकरी सोडून तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत कोल्ड कॉफी विकायला सुरुवात केली होती. खिडकी गल्लीत उघडायची. तिला फळी मिस्त्रींनीच ठोकून दिली होती, आणि त्या फळीवर हत्ती उभा केला असता तरी चालला असता. हत्ती आला नाही, आणि गिऱ्हाईकही फारसं आलं नाही. पण समोरच्या कचेरीतल्या मॅनेजरबाई आज चव बघायला येणार होत्या. पसंत पडली तर कचेरीभर रोजची कॉफी इथून. नाही पडली तर सूनबाई पुन्हा दुकानात, पाय सुजवायला.

मिस्त्रींना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी गॅस बंद केला नाही.

त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. साखर विरघळली होती. पळीने पाक उचलला. तो पाण्यासारखा खाली पडला.

"छ्या," मिस्त्री म्हणाले.

त्यांचा सारा जन्म सुतारकामात गेला होता. लाकडाचे सांधे जोडायला ते सरस स्वतः शिजवत. सरस पातळ राहिला तर खुर्ची बसणाऱ्यासकट खाली येते. म्हणून तो दोन बोटांत धरून ताणायचा. तार तुटली तर आणखी शिजवायचा. न तुटणारी तार आली की सांधा धरला समजा. चिकट वस्तू तेवढी एकाच जातीची, हे त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी कुणाला विचारून बनवलं नव्हतं.

सूनबाईच्या कॉफीत असला पाणचट पाक? लोक म्हणतील, मिस्त्रींच्या घरात कच्चं काम होतं.

त्यांनी गॅस मोठा केला. मग पातेलं रिकामं रिकामं वाटलं, म्हणून पिशवीतली उरलेली साखरही त्यात ओतली. पिशवी झटकून घडी घालून ठेवली. (कामाची जागा स्वच्छ असावी.)

पाक खदखदू लागला. मिस्त्रींनी थेंब बोटावर घेतला. बोट भाजलं. त्यांनी बोटाकडे असं रोखून पाहिलं, जणू चूक बोटाचीच होती.

तेवढ्यात त्यांची बायको शेजारून आली. दारातच थबकली.

"अहो, काय जळतंय?"

"जळत नाही. रंग धरतंय."

"तिने एवढा वेळ उकळायला सांगितलं होतं?"

"तिला काय कळतं? कालची पोर."

"आणि तुम्ही पाक कधी केलात हो?"

"सरस केलाय."

"तो कुणी प्यायला होता का?"

मिस्त्री कामात गढून गेले. त्यांनी पुन्हा थेंब ताणला. तार आली. लांबली. आणखी लांबली, पण तुटली नाही. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. गरम पाण्याने शेकून घेतलेल्या बाटलीत त्यांनी पाक ओतला. ओतला म्हणजे ढकलला. उरलेला पातेल्यातच राहिला.

सूनबाई बर्फ घेऊन आली ती एकटी नाही. मॅनेजरबाई गल्लीतच भेटल्या होत्या. त्या खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. सूनबाईला घाम फुटला होता. तिने ग्लासात बर्फ टाकला, बाटली उचलली आणि उलटी केली.

काही पडलं नाही.

तिने बाटली हलवली. बुडावर थाप मारली. मग आतून एक जाडजूड तपकिरी जीभ सावकाश बाहेर आली, लोंबली, आणि बर्फावर पडून टक्क असा आवाज झाला. गिऱ्हाइकासमोर थांबणार कशी? सूनबाईने वरून दूधकॉफी ओतली, स्ट्रॉ खोचला आणि ग्लास फळीवर ठेवला.

मॅनेजरबाईंनी एक घोट घेतला. "कडू आहे."

"जरा ढवळा ना, गोडवा खाली आहे."

बाईंनी स्ट्रॉ फिरवून पाहिला. तो फिरेना. त्यांनी तो वर ओढला. स्ट्रॉबरोबर अख्खा ग्लास वर आला आणि अधांतरी राहिला.

"हे असंच असतं का?" बाईंनी विचारलं.

सूनबाईने बाटलीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग साखरेच्या पिशवीच्या घडीकडे. शेवटी मिस्त्रींकडे. तिचे डोळे भरून आले होते.

मिस्त्रींना ते बघवेना. आपण बोललंच पाहिजे, असं त्यांना वाटलं. पाक उत्तम आहे, ग्लासच हलका आहे, हे बाईंना नीट समजावून सांगायचं. आधी पुरावा हवा, म्हणून त्यांनी पातेल्यातला घट्ट पाक चमचाभर खरवडला, तोंडात टाकला, ठामपणे चावला आणि बोलायला तोंड उघडलं.

तोंड उघडलं नाही.

मिस्त्रींना वरची-खालची कवळी होती. दोन्ही कवळ्यांचा सांधा धरला होता. न तुटणारा.

"काका, हे तुम्ही केलंत?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी मान हलवली. ताठ.

बायकोने नवऱ्याच्या गालाकडे एकदा पाहिलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना असं गप्प कधी पाहिलं नव्हतं. ती पदर तोंडाला लावून खोलीच्या कोपऱ्यात गेली. तिचे खांदे हलत होते.

"एक मिनिट थांबाल?" सूनबाई म्हणाली. तिने पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं, त्यात गरम पाणी ओतलं आणि ढवळत राहिली. हळूहळू पाक सैल झाला, पळीवरून धार धरू लागला. पातेलं थंड पाण्यात धरून तिने तो निववला आणि नवा ग्लास केला.

बाईंनी जपून घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग स्ट्रॉ काढून ठेवला आणि ग्लासच तोंडाला लावला.

"हे छान आहे. खरपूस लागतंय. काका, यात काय वेगळं करता?"

मिस्त्रींकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. "उम्," ते म्हणाले.

"सांगायचं नाही? बरोबर आहे. धंद्यातलं असं कुणाला सांगू नये." बाई सूनबाईकडे वळल्या. "आमच्याकडे आधी एक जण द्यायचा. कॉफी बरी होती, पण माणूस बोलून बोलून डोकं उठवायचा. हे काका बघा, किती शांत! उद्यापासून सुरू करा. मी रोज इथेच येऊन सांगत जाईन किती ग्लास ते."

त्या गेल्या. सूनबाई खिडकीला धरून उभीच राहिली, मग हसायलाच लागली.

मिस्त्री कोमट पाण्याच्या चुळा भरत मोरीपाशी बसले. बऱ्याच वेळाने कवळ्या एकमेकींपासून सुटल्या. त्यांनी तोंड पुसलं, घसा साफ केला आणि येऊन खुर्चीत बसले.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "पक्क्या कामाला गिऱ्हाईक मिळतंच."

"हो तर," बायको म्हणाली.

सूनबाईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "बाबा, उद्यापासून पाक तुम्हीच करायचा."

मिस्त्रींची छाती फुगली. "करीन की. किती आटवू?"

"कॉफीचा अजिबात नको. जरा रंग आला की गॅस बंद. चमचाभर तेवढा वेगळा काढून आजच्यासारखा आटवा."

"तो कुणाला?"

"तुम्हाला," सूनबाई म्हणाली. "मॅनेजरबाई रोज येणार आहेत ना."