कोंबडीची सरासरी

काटेमास्तरने रविवारी सकाळी बायकोच्या हातातून झारा काढून घेतला आणि तिलाच स्वयंपाकघराबाहेर काढलं. लग्नाला तीन वर्षं झालेली. तिने ताटात काहीही वाढो, हा पहिल्याच घासाला म्हणणार, "छान आहे गं, पण आमच्या गावची कोंबडी म्हणजे..." शेवटी शनिवारी ती भडकली.

"उद्या तूच कर! तुझ्या गावची चव आली, तर दर रविवारी मी तशीच करीन. नाही आली, तर त्या कोंबडीचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही."

"लागली पैज! पण चव आली की नाही, ठरवणार कोण?"

"तूच. खोटं बोलता येत नाही, तेवढा एक गुण आहे तुझ्यात."

आता काटेमास्तर म्हणजे कोण, तर दुकानांतले वजनकाटे तपासणारा इन्स्पेक्टर. चहासुद्धा उतू जाऊ न देता कधी केलेला नाही, पण घाबरतोय कसला! त्याच्या खात्याचा नियमच असा की एका मापावर विश्वास ठेवायचा नाही. तीनदा मोजायचं, सरासरी काढायची. म्हणून त्याने तीन फोन लावले. आईला, आत्याला आणि काकूला. त्याच्या लहानपणी या तिघी एकाच घरात रांधायच्या.

आई म्हणाली, मिरच्या बारा. काकू म्हणाली, तीन. आत्या म्हणाली, एकही नाही, नुसती मिरी. याने पाच टाकल्या. शिजवायचं किती? आई वीस मिनिटं, काकू तीस, आत्या सत्तर. गडी चाळिसावर ठाम! झाकण दोघी ठेव म्हणाल्या, एक नको म्हणाली. याने फूटपट्टी आणून पातेलं बरोब्बर दोन तृतीयांश झाकलं. आंबटाला लिंबू, टोमॅटो की दही, यावर तिघींची तीन मतं. मग काय, तिन्ही एक एक तृतीयांश. दही लगेच फाटलं.

"जळतंय का रे काही?" बायकोने दारातून विचारलं.

"एक तृतीयांश!"

तेवढ्यात आईचा फोन. "आत्यालाही विचारलंस म्हणे? तिला मिठाचा अंदाज तरी आहे का? टाक चमचाभर माझ्याकडून."

आईचा शब्द कसा मोडणार? टाकलं. मग आत्याचा फोन. "तुझी आई मिठाला हात आखडते, माहितीये मला. टाक!" टाकलं. मग काकू.

"मीठ घातलंस?"

"घातलं की, काकू."

"ते त्यांचं. आता माझं घाल."

दुपारी सासरे जेवायला आले. पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तो खाली ठेवेचनात. बायकोने घास कसाबसा गिळला आणि तिचा चेहरा उजळला. पैज जिंकलीच की!

मग काटेमास्तरने घास घेतला. थांबला. डोळे भरून आले.

"तीच," तो म्हणाला. "अगं, तीच चव!"

"काहीतरीच! घे माझी शपथ."

"तुझी शपथ!" आणि लगेच स्पीकरवर आईला फोन. "आई, तीच चव आली!"

"तीच?" आई दचकली. "अरे देवा, म्हणजे बिघडलीच की! तिघी एका पातेल्यात हात घालायचो रे आम्ही. एकीची पाठ वळली की दुसरी मीठ टाकायची. तुझे बाबा तर कोंबडीच्या दिवशी मुद्दाम बाहेर जेवून यायचे. तू एकटा बोटं चाटायचास, म्हणून कुणी बोललं नाही."

फोन बंद झाला. सासऱ्यांनी ताट हळूच पुढे सरकवलं.

"हरले मी," बायको म्हणाली. "दर रविवारी करून ठेवीन."

"ठेवीन म्हणजे?"

"म्हणजे करीन, झाकून ठेवीन आणि बाबांकडे जेवायला जाईन."

"सकाळीच ये," सासरे घाईघाईने म्हणाले.

काटेमास्तरने दोघांकडे पाहिलं. मग पातेल्याकडे पाहिलं. त्याचा विश्वासच बसेना.

"म्हणजे," तो म्हणाला, "अख्खं पातेलं माझं?"