बदकिणीचं 'जरा'

एका जंगलात, मुलांनो, इंग्रजीशिवाय पान हलत नसे. खुद्द सिंहाला इंग्रजी येत होतं का, हे विचारायची सोय नव्हती.

तिथल्या तळ्यावर हॉलंडहून ग्रीतबाई नावाची बदकीण येऊन उतरली. अंडी घालायची वेळ जवळ आलेली. परवानगी नसेल तर अंड्यांसकट हाकलतील, ही धास्ती.

तिच्या बोलीत बारीक बारीक शब्द फार. वाक्यात एक 'मार', एक 'एवन', शेवटी 'होर'. म्हणजे आपलं 'की', 'जरा' आणि 'हं'. आता दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, 'जरा पाव किलो गूळ द्या.' त्यातलं 'जरा' काही तागडीत टाकता येत नाही. पण ते नसलं, तर माणूस गूळ घ्यायला आलाय की भांडायला, कळत नाही.

दरबारात ग्रीतबाई मान लववून आपल्या बोलीत म्हणाली, "मी इथे बसते की जरा, हं."

सिंहाने पंजा उचलला. "ही 'मार' म्हणाली का?"

"नाही महाराज," दुभाषा पोपट म्हणाला. "किरकोळ शब्द आहेत. मी गाळतो." आणि त्याने इंग्रजीत सांगितलं, "मी इथे बसणार."

"विचारतेय की बजावतेय? पुन्हा शब्द गाळलास तर पिसं उपटीन."

पोपटाने निमूट शब्दकोश काढला. 'मार' म्हणजे परंतु. 'होर' म्हणजे ऐका. 'एवन' तर इंग्रजीतल्या 'ईव्हन'सारखाच लिहितात. तिथे त्याचा अर्थ समसमान.

तो म्हणाला, "मी इथे बसणार. परंतु समसमान. ऐका."

दरबारी एकमेकांकडे बघू लागले. ग्रीतबाईला वाटलं, संपलं. अंडी आता वाटेतच घालावी लागणार.

सिंह शेजारी बसलेल्या प्रधान कोल्ह्याच्या कानाशी लागला. "पार्टी मोठी दिसते रे. अर्धं तळं देऊन टाक, नाहीतर पुरतं मागेल."

संध्याकाळी डबकोबा बेडूक आला. त्याचं बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्या नेमकं तिला मिळालेल्या अर्ध्यात.

"बाई, पोरं लहान आहेत. आम्ही जरा इथंच राहू का हो?"

ग्रीतबाईला ते 'जरा' थेट काळजात कळलं. माहेरचं माणूस भेटावं तसं. डोळे पुसून ती पोपटाकडे वळली.

"याला म्हणावं, अर्ज इंग्रजीत आण की जरा, हं."

तात्पर्य : भाषांतर अचूक झालं, तर फार तर बसायला जागा मिळते. तळंच हवं असेल, तर दुभाषा कच्चा बघावा. आणि तळं मिळाल्यावर तो बदलू नये.