पलीकडे हाक मारणारे तावडे

तावडेसाहेब सकाळी ऑफिसात आले की चपला काढायच्या आधी आफ्रिकेला हाक मारायचे.

अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या बाजूला, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस होतं. पिशवी काखेत तशीच ठेवून साहेब थेट टेलेक्सच्या मशीनपुढे जायचे, नंबर फिरवायचे आणि कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. पुढची लाइन वायरलेसवरून जायची, त्यामुळे ती लागता लागत नसे. लागली की मशीन खडखडायचं आणि कागदावर पलीकडच्या मशीनचं नाव उमटायचं. मग तावडे दोन्ही हात जोडून मोठ्याने म्हणायचे, "आसा!" आणि लाइन तोडून टाकायचे. निरोप नाही, चौकशी नाही. त्यानंतर चपला आणि त्यानंतर चहा.

"आसा" म्हणजे मालवणीत "आहे". कोण आहे, कुठे आहे, हे समजायला मला बरेच दिवस लागले.

मी ऐंशीच्या दशकात समाजकार्याचं शिक्षण संपवून तिथे उमेदवारीला लागले होते. मुलुंडहून बस बदलत बदलत यायचे आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. आमच्या ऑफिसचं काम काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका देशात दुष्काळ होता आणि लढाईही होती. सरकार होतं, पण ते राजधानीपुरतं. बाकी मुलखात ज्याच्या हातात बंदूक तो मंत्री. या देशाला मदत पाठवणाऱ्या संस्था ढीगभर, आणि प्रत्येकीला तीच तीच वस्तू पाठवायची हौस. कोणी काय पाठवायचं, कुठल्या बंदरात उतरवायचं, हे सगळ्यांना एकत्र बसवून ठरवायचं, हे आमचं काम. माझ्या पुस्तकात त्याला समन्वय म्हणत. तावडे म्हणत, "पाच जणींनी आमटीत मीठ घालू नये म्हणून एकाने चुलीपाशी उभं राहायचं. आमटी आपली नाही, मीठ आपलं नाही. शिव्या तेवढ्या आपल्या."

बंदरातल्या अधिकाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन ते इथे आले होते. त्या देशाचं नाव ते कधी घेत नसत. "पलीकडे" म्हणत. पलीकडे पाऊस नाही, पलीकडे साबण संपला. अगदी पऱ्याच्या, ओढ्याच्या पलीकडची वाडी असावी, असं. रविवारी खारदांड्याला मासे घ्यायला गेले की कोळणीला सांगायचे, "हे पाणी ओलांडून सरळ गेलं की पलीकडे आमचं गोदाम." ती म्हणायची, "मंग पापलेट पन तिकरंच घे ना!"

एकदा ऐन मे महिन्यात घाटकोपरचे काही व्यापारी आले. भली माणसं. त्यांना घोंगड्या पाठवायच्या होत्या, गाठोडी बांधून तयार होती. तावड्यांनी त्यांना बसवलं, एकेक घोंगडी प्रत्येकाच्या अंगावर स्वतःच्या हाताने पांघरली आणि मला म्हणाले, "बाय, पंखा बंद कर गो."

मी केला. बिचारे घामाने निथळायला लागले. तावडे समोर शांतपणे सरबत पीत बसले.

"कसं वाटतंय शेठ?"

"तावडेसाहेब, जीव जाईल!"

"पलीकडे याहून गरम आहे. घोंगडी पांघरून जीव गेला तर पुण्य कोणाच्या नावावर लावायचं?"

मंडळींनी घोंगड्या परत नेल्या आणि साबणाची खोकी दिली. त्यातला एकजण नंतर दर महिन्याला यायचा, पण आल्या आल्या पंखा चालू आहे ना ते बघून घ्यायचा.

त्या सकाळच्या हाकेबद्दल मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तावड्यांनी मला मशीन उघडून दाखवलं. म्हणाले, "हे नाव मशीन आपणहून छापतं. समोरचा माणूस झोपलेला असो, जेवत असो, मेलेला असो. वीज असली की झालं."

"मग तुम्ही हात कोणाला जोडता?"

"विजेला," ते म्हणाले. मग मशीनचं झाकण लावत म्हणाले, "आमच्या वाडीत उठल्यावर शेजारी हाक मारायची पद्धत. ‘उठलात काय?’ पलीकडून ‘ओ’ आली की आपापल्या कामाला. ‘ओ’ आली नाही तर आधी तिकडे धावायचं."

ही हाक जायची पलीकडच्या त्या गोदामात; तिथली प्रमुख होती अमेलिया. तावड्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचे निरोप दुपारी यायचे आणि तावडे ते सगळ्यांना वाचून दाखवायचे. दूध पावडर मिळाली. दोन पोती भिजली. जनरेटरचा पट्टा तुटला, पाठवा. आणि सगळ्यात खाली, बाळाला दात आला. त्या दिवशी तावड्यांनी पेढे आणले. ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्या दाताचे पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले आणि साहेबांच्या पाठीमागे हसलोही. जनरेटरचा पट्टा मात्र साहेबांनी त्याच आठवड्यात स्वतः फिरून शोधला आणि जाणाऱ्या बोटीवर चढवला.

एकदा त्यांना ताप आला म्हणून मी जोगेश्वरीला त्यांच्या खोलीवर गेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. खोली लख्ख होती आणि तिच्यात एक शब्द नव्हता. रेडिओसुद्धा नव्हता. मला तिथे बसवेना. सकाळी उठल्यावर या माणसाने हाक मारावी असं त्या घरात कोणी नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. पुढे ऑफिसात कोणी "आसा"ची नक्कल केली की मला राग यायचा.

मग पलीकडची लढाई किनाऱ्याकडे सरकली. अमेलियाचे निरोप आधी तुटक झाले आणि मग बंदच झाले. दुपारी तावडे मशीनपाशी रेंगाळायचे, काही येत नसे. सकाळी मात्र हाक मारली की नाव उमटायचं. "आसा," ते म्हणायचे, पण हळू.

त्याच सुमारास आमची बोट गोदीत भरून उभी होती. दूध पावडर, औषधं, जुलाबावरची मीठ-साखरेची पाकिटं. ती अमेलियाच्या बंदराला न्यायची की माणसं पळून जिथे चालली होती त्या वरच्या बंदराला, हे ठरवायला सगळ्या संस्था आमच्या ऑफिसात जमल्या. गाव ओस असेल तर माल थेट बंदूकवाल्यांच्या घशात जाणार होता. माणसं असतील आणि बोट गेली नाही, तर ती मरणार होती. त्या गावाची काही खबर असलीच तर ती फक्त तावड्यांकडे होती.

"तावडे, तुमच्या गोदामाचं काय? उत्तर येतंय ना?"

"येतंय. आज सकाळीही आलं."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कोणीतरी सहीचा कागद पुढे सरकवला. तावडे त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी पुढे काही बोललं नसतं, तरी पुरे होतं. बोट अमेलियाकडे गेली असती.

"मशीनचं उत्तर येतंय," ते म्हणाले. "माणसाचं नाही. माणूस नसला तरी येतं ते. माझ्या समाधानासाठी बोट पाठवू नका. वर न्या."

बोट वरच्या बंदराला निघाली. त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

बोट समुद्रात असतानाच वरच्या बंदरातून निरोप आला. माल येऊ द्या, इथे गर्दी फार आहे, आणि खालच्या, अमेलियाच्या गावाबद्दल एक ओळ: तिथलं पॉवरहाऊस महिन्यापूर्वीच जळालं, तेव्हापासून गावात वीज नाही.

मी तो वाचला आणि माझ्या लक्षात काही आलं नाही. तावड्यांनी वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वीज नाही," ते म्हणाले. "मग मशीन कशावर चालतंय गो?"

जनरेटरवर. दुसरं काही नव्हतंच. म्हणजे महिनाभर रोज सकाळी कोणीतरी त्या गोदामात हँडल मारून जनरेटर चालू करत होतं. डिझेल वाचवून वाचवून फक्त आमच्या हाकेपुरता.

"पण मग निरोप का नाही पाठवत?" मी विचारलं.

"टाइप करता येत नसेल. रखवालदार असेल. बाईने जाताना सांगितलं असेल, सकाळी चालू ठेव, तावडे हाक मारतात." आणि मग तावड्यांनी सगळ्यांदेखत तोंड झाकून घेतलं.

बोट वळवण्यासाठी ते फोनवर फोन करत राहिले. कोणी ऐकलं नाही आणि ऐकायला नकोही होतं. वरच्या बंदरात हजारो माणसं उघड्यावर होती. शेवटी आम्हाला येत होते तेवढे त्यांच्या भाषेतले शब्द जोडून तावड्यांनी निरोप टाइप केला. बोट वर गेली. तुम्ही वर जा. आजच निघा.

"त्याला वाचता येत नसलं तर?" मी म्हणाले.

"कोणाला तरी दाखवील."

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली. नाव उमटलं. तावड्यांनी हात जोडले नाहीत. "अरे, अजून तिथेच?" ते मशीनवर ओरडले. तोच निरोप पुन्हा पाठवला. त्याच्या पुढच्या सकाळी पुन्हा नाव उमटलं. "मेल्या, निघ म्हटलं ना! कोणासाठी बसलायस तिथे?" इतकी वर्षं ज्या उत्तरासाठी ते अनवाणीसुद्धा धावले असते, ते उत्तर आलं की आता त्यांचा चेहरा उतरायचा. ऑफिसात कोणी हसत नव्हतं.

एका सकाळी नंबर लागला नाही. पुन्हा फिरवला. दुपारपर्यंत फिरवत राहिले. मशीन गप्प.

डिझेल संपलं असेल. किंवा बंदुका गोदामापर्यंत पोचल्या असतील. हे मला कळत होतं, आणि त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. मला रडू फुटलं. तावड्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि प्रवासाला निघालेल्या माणसाबद्दल घरचे सांगतात तशा आवाजात म्हणाले, "भायर पडले."



"रडतेस काय? वाट लांबची आहे, वेळ लागेल," ते म्हणाले. "वरच्या बंदराचा नंबर काढ. त्यांना सांग, खालून एक रखवालदार येतोय. नाव ठाऊक नाही. आला की त्याला आधी जेवायला वाढा."