बस्त्यावकाकांकडच्या बंदुका

बस्त्यावकाकांकडे बंदूक दुरुस्तीला टाकणं म्हणजे मुलगी सासरी देणं. भेटायला जाता यायचं, घरी आणता यायची नाही.

सत्तरच्या दशकात आमच्या पापडी गावात घरं कमी आणि केळी-चिकूच्या वाड्या जास्त. राखणीसाठी बऱ्याच घरांत परवान्याची ठासणीची बंदूक असे. ती बिघडली की काकांशिवाय इलाज नव्हता. कामाला हात सोन्याचा, पण परत देण्याच्या नावानं शंख.

गिऱ्हाईक आलं की काका चहा-पाव पुढे ठेवत, जुन्या चादरीतून बंदूक काढून त्याच्या मांडीवर देत. त्याचं बघून झालं की अलगद परत घेत. "चाप जरा अडखळतो. बंदुकीला घाई करू नये." पुढच्या खेपेला घोडा ढिला, त्यापुढे दस्त्याचं पॉलिश ओलं. कारणं संपली की धर्म मदतीला येई. "उपासकाळात मी हत्यार कोनाच्या हातात देत नाय." ईस्टर उलटला की, "आता लगीनसराई. लग्नाच्या घरात बंदूक कशाला?" हिंदू गिऱ्हाइकांसाठी अमावास्या तयार असायची. पाऊस लागला की मात्र स्वतःच निरोप धाडत, बंदूक तयार हाय, घेऊन जा. पावसात दारू सर्दावते; तेव्हा त्या बंदुकीपेक्षा काठी बरी.

आमच्या बाबांची बंदूक अशीच अडकली आणि चिकू ऐन भरात आला. रोज सकाळी झाडांखाली अर्धवट खाल्लेल्या चिकूंचा सडा. "चिकू वटवाघळं खातात, बंदूक बस्त्याव खातो," बाबा म्हणायचे. शेवटी त्यांचा पारा चढला. आज बंदूक मिळाली नाही तर उद्या पोलिसांत तक्रार, असं बजावून त्यांनी मला धाडलं. मी शाळेत मास्तर, बोलून बंदूक घेऊन येईन अशी त्यांची समजूत. तक्रार झाली असती तर काकांचं दुकान बंद पडलं असतं.

मी काकांना सगळं सरळ सांगितलं. उन्हं उतरली तसे काका उठून मागच्या दारी गेले. मीही मागोमाग गेलो. तिथे जुनी चिंच होती आणि फांदीफांदीला वटवाघळं लटकलेली. बघता बघता ती सुटली. नुसता पंखांचा फडफडाट. काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"निघाली तुझ्या बापाकडं जेवायला," ते म्हणाले.

मागच्या खिडकीतून काकींचा आवाज आला, "गेली का सगळी?" काकींची दृष्टी कधीच गेली होती. त्या दिवसभर खिडकीशी बाजेवर बसून असत.

"गेली."

"सकाळी येतील ना?"

"येतील गं. बंदुका माझ्याकडंच हायत."

काका मला जरा लांब घेऊन गेले.

"तिला सांज-सकाळ यांच्याच आवाजावर कळते," ते हळू आवाजात म्हणाले. "मागं एका साली कोनीतरी बार काढला, तर झाडच रिकामं झालं. लई दिवस आली नाय. ही रोज विचारायची, आन ताट सारून द्यायची. सगळ्या गावाशी खोटं बोलतो मी, मास्तर. तिच्याशी नाय जमत."

इतकी वर्षं या माणसाला आम्ही लबाड म्हणत होतो. मी बंदूक न घेताच निघालो.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. सकाळी ते सायकल काढून पाचूबंदरला गेले आणि कोळ्यांकडून जुनी, टाकाऊ जाळी घेऊन आले. दिवसभर आम्ही ती चिकूंवर चढवत होतो. कुंपणालगतचं, सगळ्यात लगडलेलं झाड मात्र उघडंच राहिलं.

"आणि हे?" मी विचारलं.

"जाळं पुरलं नाही," बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

जाळ्याचा मोठा गठ्ठा ओट्यावर तसाच पडून होता.